कोनाच्या खोल समुद्रात जिवंत आमिषावर मार्लिन : नवख्यांसाठी मार्गदर्शन

हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला कोना म्हणतात. जिवंत आमिष खोल सोडून मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या लांब चोचीचा मोठा समुद्री मासा, कसा पकडतात हे शिकायचे असेल, तर याहून सोयीची जागा जगात क्वचितच सापडेल. मौना लोआ आणि हुआलालाई हे ज्वालामुखी पर्वत पूर्वेकडून सतत वाहणारे व्यापारी वारे अडवून धरतात, त्यामुळे त्यांच्या आडोशाचा समुद्र बहुतेक दिवस शांत असतो. किनाऱ्याचा उतार पाण्याखालीही तितकाच तीव्र असल्यामुळे होनोकोहाऊ बंदरातून सुटलेली नौका तासाभरात हजार वाव, म्हणजे सुमारे १,८०० मीटर खोल पाण्यावर पोहोचते. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेली आहे. आपल्याकडच्या मच्छीमाराला एवढी खोली गाठायला कितीतरी लांब जावे लागते. कोनाला सकाळी निघून दुपारी परत येता येते. मार्लिन पकडण्याची इथली आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५९ पासून चालू आहे, आणि प्रशांत महासागरातील निळ्या मार्लिनचा ६२४ किलोंचा विक्रमी मासा १९८२ मध्ये याच किनाऱ्यावर काआइवी टोकाजवळ मिळाला होता.

अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी सुट्टीसाठी हवाईला जातात आणि त्यांच्यापैकी काही जण भाड्याची नौका घेऊन समुद्रात उतरतात. हा लेख अशा, पहिल्यांदाच रॉड हातात धरणाऱ्या माणसासाठी आहे. कप्तान आणि खलाशी अनुभवी असले तरी काय चालले आहे आणि का चालले आहे हे कळल्याशिवाय आपल्या वाट्याचे काम नीट करता येत नाही. माझे ठाम मत असे की, या प्रकारच्या मासेमारीत निम्म्याहून अधिक यश मासा लागण्याच्या आधीच ठरलेले असते आणि ते आमिषाच्या तब्येतीवर अवलंबून असते. म्हणून पुढे आमिषाविषयी सर्वांत जास्त लिहिले आहे.

नौका ठरवताना

हवाईबाहेरून येणाऱ्यांना समुद्रातील हौशी मासेमारीसाठी आता परवाना लागतो. तो कोणी आणि कधी काढायचा हे नौका ठरवतानाच विचारून घ्यावे. जिवंत आमिषाने मासेमारी करायची आहे हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे, कारण अनेक नौका दिवसभर कृत्रिम आमिषे वेगाने ओढत नेण्याचीच पद्धत वापरतात, आणि आमिषाचा आकू, म्हणजे एक लहान ट्यूना मासा, जिवंत ठेवण्याची सोय प्रत्येक नौकेवर असतेच असे नाही.

तिसरी गोष्ट पकडलेल्या माशाची. कोनाच्या प्रथेनुसार तो नौकेचा असतो, गिऱ्हाइकाचा नसतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मार्लिनच्या विक्रीला २०१२ च्या कायद्याने बंदी आली, परंतु हवाईला त्यातून सूट आहे, त्यामुळे मेलेल्या मार्लिनला इथे बाजारभाव असतो. मासा पुन्हा समुद्रात सोडायची आपली इच्छा असेल, तर ती बंदरातच, निघण्यापूर्वी सांगावी. मासा नौकेशी आल्यावर हा विषय काढण्यात अर्थ नसतो.

निळा मार्लिन वर्षभर मिळतो, परंतु जून ते ऑगस्ट हे महिने त्याच्यासाठी सर्वांत चांगले मानले जातात. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीस पट्टेदार मार्लिन अधिक दिसतो. मार्लिनच्या नराचे वजन सहसा १५० किलोंच्या पुढे फारसे जात नाही. प्रचंड मोठा मासा असेल तर ती मादीच असते, आणि मासा सोडून देण्याच्या निर्णयाशी याचा थेट संबंध आहे.

‘खोल’ म्हणजे किती

खोल म्हटले की नवख्याच्या डोळ्यांसमोर शेकडो मीटर येतात. प्रत्यक्षात कोनाच्या समुद्रात निळ्या मार्लिनना ध्वनिलहरी सोडणारी यंत्रे लावून त्यांचा माग काढला गेला, तेव्हा ते बहुतेक वेळ वरच्या कोमट थरातच राहतात असे आढळले. या थराखाली पाण्याचे तापमान झपाट्याने उतरते आणि मार्लिन तिथे फार वेळ थांबत नाही. तेव्हा आमिष खोल सोडायचे म्हणजे साधारण १५ ते ६० मीटरपर्यंत सोडायचे.

मग पृष्ठभागावर का ठेवू नये? ऊन चढू लागले की, मासे जमावेत म्हणून समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या बॉयभोवती (बोयाभोवती) जमलेले आकू आणि लहान ट्यूना खाली उतरतात, आणि त्यांच्यावर टपलेला मार्लिनही त्यांच्या थव्याच्या कडेला, बहुधा किंचित खाली, घुटमळत असतो. वरून भरधाव जाणाऱ्या कृत्रिम आमिषाकडे तो अशा वेळी लक्ष देईलच असे नाही. परंतु थव्यातून बाहेर पडलेला, एकटाच धडपडणारा जिवंत मासा त्याच्या आसपास आला, तर तो सोडणे त्याला जड जाते. म्हणून खोलीचा आकडा पाठ करू नये. फिशफाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर थवा किती खोल दिसतो ते पाहावे आणि आमिष थव्याच्या वरच्या कडेला किंवा अगदी थोडे वर ठेवावे, कारण मार्लिन भक्ष्याकडे खालून वर सहज येतो, वरून खाली त्या मानाने कमी जातो.

आमिष

कोनाला तीन मासे आमिषासाठी वापरतात. पहिला ओपेलू, हा साधारण बांगड्याच्या आकाराचा, निळसर पाठीचा मासा असून टाकीत ठेवला तरी तग धरतो. दुसरा आकू, म्हणजे स्किपजॅक ट्यूना. कोकणात ज्यांना कुपा किंवा गेदर म्हणतात त्याच कुळातला. तिसरा म्हणजे अहीचे, अर्थात पिवळ्या पराच्या ट्यूनाचे, लहान पिल्लू. दीड ते चार किलोंचा आकू मार्लिनसाठी उत्तम. आमिष फार मोठे झाले अशी भीती नवख्याला वाटते, परंतु मोठी मादी दहा किलोंचा ट्यूनासुद्धा गिळू शकते.

आकू पकडायला पहाटेच बॉयपाशी पोहोचावे लागते. नोइओ नावाचे लहान काळे पक्षी पाण्यावर घिरट्या घालत असतील, तर खाली आकूचा थवा असण्याची शक्यता दाट असते. पिसांची लहान कृत्रिम आमिषे थव्याच्या कडेने ओढत नेतात. थव्याच्या मधून नौका घातली की थवा बुडी मारतो. या लहान गळांचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असावा, म्हणजे आकूचे तोंड न फाटता गळ एका झटक्यात सुटतो.

आकू हा सतत पोहत राहूनच श्वास घेतो. तोंड उघडे ठेवून पुढे जात राहिल्याशिवाय त्याच्या कल्ल्यांतून पुरेसे पाणी वाहत नाही, म्हणून साध्या टाकीत तो काही मिनिटांतच मरतो. यासाठी ट्यूना ट्यूब वापरतात. नौकेच्या मागच्या भागात उभ्या बसवलेल्या या रुंद नळ्यांमध्ये मासा डोके खाली करून ठेवतात, आणि पंपाने चढवलेले समुद्राचे पाणी तळातून जोराने येऊन त्याच्या तोंडातून कल्ल्यांवाटे वर निघून जाते. पाण्याचा जोर मासा वर ढकलला जाईल इतका नसावा आणि कल्ले हलके फडफडतील इतका तरी असावा. प्रत्येक नळीला स्वतंत्र जोर मिळतो आहे ना, हे मासे भरण्याआधी पाहून घ्यावे. एकाच पंपावर चार नळ्या असल्या की शेवटच्या नळीतला मासा सर्वांत आधी दगावतो.

पाण्यातून उचलल्यापासून नळीत जाईपर्यंत दहा-पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागू देऊ नये. हात कोरडे नसावेत, मासा ओल्या फडक्यात धरावा आणि फडक्यानेच त्याचे डोळे झाकावेत, म्हणजे तो एकदम शांत होतो. कल्ल्यांना बोट लागता कामा नये. नळीतून वर येणाऱ्या पाण्यात रक्ताचा लालसरपणा दिसला, तर तो मासा आमिष म्हणून गेला असे समजावे. तो खाण्यासाठी बर्फात ठेवावा आणि दुसरा पकडावा. अर्धमेले आमिष दोन तास ओढत फिरण्यापेक्षा नवे आमिष मिळवण्यात तासभर घालवलेला बरा, असे मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगेन.

सरंजाम

रॉड आणि रीळ बहुधा नौकेचेच असतात. ३७ किलो ताकदीची दोर, जिला अमेरिकेत ८० पौंडी म्हणतात, नवख्यासाठी सर्वांत योग्य. ६० किलो ताकदीच्या दोरीचा भार सरावाशिवाय झेपत नाही. रिळात किमान सहाशे-सातशे मीटर दोर हवी. पुढे १३५ ते १८० किलो ताकदीचा जाड नायलॉनचा लीडर, म्हणजे दोर आणि गळ यांच्यामधला तुकडा, चार-पाच मीटर लांब असतो. विक्रमाची नोंद व्हावी अशी इच्छा असेल, तर १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचे नियम लागू होतात. त्यानुसार या वजनाच्या दोरीवर लीडर ३० फुटांपेक्षा, आणि दुहेरी केलेली दोर व लीडर मिळून ४० फुटांपेक्षा लांब चालत नाही. शिवाय मासा लागल्यापासून पकडणाऱ्याखेरीज कोणीही रॉडला किंवा रिळाला हात लावायचा नसतो.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे माशाने दोर ओढताना रीळ जो विरोध करते तो, स्प्रिंगच्या काट्याने मोजून लावावा. दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांश हे नेहमीचे प्रमाण आहे, म्हणजे ३७ किलोंच्या दोरीवर साधारण १२ किलो.

गळ सर्कल हुक असावा. त्याचे टोक आत, स्वतःच्या दांड्याकडे वळलेले असते. मासा आमिष घेऊन दूर वळला की गळ घशात न रुतता तोंडाबाहेर सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. माशाला इजा कमी होते आणि तो सुटण्याची शक्यताही कमी होते. मात्र टोक बाजूला तिरके केलेले सर्कल हुक मिळतात ते घेऊ नयेत, त्यांचा हा फायदा बराचसा कमी होतो.

ब्रायडल बांधणे

गळ आमिषाच्या मांसात खुपसायचा नसतो. तो मेण लावलेल्या मजबूत दोऱ्याच्या लहान फासाने डोक्यावर बांधतात; याला ब्रायडल म्हणतात. हे काम खलाशी करतो, पण एकदा जवळून पाहून घ्यावे, आणि ओपेलूवर स्वतः करून पाहावे.

चार बोटे लांबीचा फास उघड्या नेढ्याच्या लांब सुईत अडकवून तयार ठेवतात. आकू नळीतून काढून ओल्या स्पंजावर उताणा ठेवला की तो क्षणभर निपचित राहतो. डोळ्याच्या खोबणीच्या पुढच्या, वरच्या कोपऱ्यात बुबुळाला न लागता जाणारी मऊ फट असते. सुई त्या फटीतून घालून दुसऱ्या बाजूच्या तशाच फटीतून बाहेर काढायची, म्हणजे फास कपाळातून आरपार जातो. फासाची दोन्ही टोके गळावर चढवायची आणि डोक्यावर घट्ट बसेपर्यंत गळाला चार-पाच पीळ द्यायचे. मग गळाचे टोक पिळलेला दोरा आणि कपाळ यांच्या मधून एकदा ओवून घ्यायचे. गळ आता कपाळावर ताठ उभा राहतो, टोक मोकळे असते आणि मासा तोंड उघडमीट करू शकतो. सरावाचा खलाशी हे सारे अर्ध्या मिनिटात करतो. फास सैल राहिला तर गळ एका बाजूला कलंडतो, त्याचे टोक आकूच्याच गालात रुतते आणि मार्लिनने आमिष घेतले तरी गळ लागत नाही. म्हणून पाण्यात सोडण्यापूर्वी गळ बोटाने हलवून पाहावा.

आमिष खाली सोडणे

आमिष आधी पृष्ठभागावर नौकेच्या मागे दहा-पंधरा मीटर पोहू द्यावे. ते सरळ पोहते आहे, गोल फिरत नाही, याची खात्री झाली की दोर डाउनरिगरच्या चिमट्यात अडकवावी. डाउनरिगर म्हणजे पाच-सहा किलोंचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडणारा रहाट. मासा लागला की चिमटा सुटतो आणि दोर गोळ्यापासून मोकळी होते. जुन्या हवाईयन मच्छीमारांकडे याच कामासाठी चपटा दगड होता. त्याभोवती आमिष आणि दोर गुंडाळून तो हव्या त्या खोलीवर न्यायचा, आणि एक झटका दिला की गाठ सुटून दगड तळाला जायचा. ही पद्धत तिथे ट्यूनासाठी आजही वापरतात.

गोळा हळूहळू सोडावा. नौकेचा वेग दोन नॉटच्या आसपास असावा. त्यासाठी कप्तान इंजिन गिअरमध्ये टाकतो, काढतो, पुन्हा टाकतो. वेग वाढला की तार मागे तिरकी होते, आणि मोजणीचे यंत्र चाळीस मीटर दाखवत असले तरी गोळा प्रत्यक्षात तीसच मीटरवर असू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेगाने ओढलेला आकू दमतो आणि गुदमरून मरतो. एक आमिष असे खोल आणि दुसरे पृष्ठभागावर पन्नासेक मीटर मागे, इतकी मांडणी नवख्याला पुरे. तिसरी दोर आली की वळणावर गुंता होतोच.

बॉयभोवतीचे मासे बहुधा प्रवाह येतो त्या बाजूला जमतात. बॉयच्या ज्या अंगाला पाणी येऊन आदळते, त्या बाजूनेच फेऱ्या घालाव्यात आणि बॉयच्या साखळदंडापासून पुरेसे अंतर राखावे, कारण घाबरलेला आकू आसऱ्यासाठी नेमका तिकडेच धावतो.

या सगळ्या वेळात आपले काम एकच, रॉडच्या टोकाकडे पाहत राहणे. निवांत पोहणाऱ्या आकूची शेपटी टोकाला संथ, एकसारखे ठोके देत असते. ते ठोके एकदम जलद आणि अनियमित झाले, टोक थरथरू लागले, तर आमिषाला मागे कोणीतरी दिसले आहे. कप्तानाला लगेच सांगावे.

मासा लागतो तेव्हा

चिमटा सुटतो, वाकलेला रॉड क्षणात सरळ होतो आणि दोर सैल पडते. नवख्याला वाटते की मासा गेला. तसे नसते, चिमट्यापासून रॉडपर्यंतची दोर आता मोकळी झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. सैल दोर पटकन गुंडाळून घ्यावी आणि रीळ पुन्हा जवळजवळ मोकळे ठेवावे. दोर गुंतू नये इतकाच हलका ड्रॅग असावा. मार्लिन आमिषाला चोचीने मारतो, आडवे पकडतो आणि मग फिरवून डोक्याकडून गिळतो. त्याला यासाठी वेळ लागतो, म्हणून पतंगाला देतात तशी ढील द्यावी लागते. रिळाची कर्रकर्र एकसारखी चालू झाली, म्हणजे मासा आमिष घेऊन निघाला, की मनात पाच ते दहा आकडे मोजावेत, रॉड दोरीच्या दिशेने रोखून धरावा आणि ड्रॅगचा दांडा सावकाश, एका लयीत पुढे न्यावा. हिसका अजिबात देऊ नये. सर्कल हुक हिसक्याने तोंडातून निसटतो. वाढत्या ताणानेच तो बसतो. सुरमईला हिसका देण्याची सवय असलेल्या माणसाला हे सर्वांत कठीण जाते.

आमिष सुटून परत आले, तर ते नीट पाहावे. खवले घासून गेलेले आणि कातडी खरवडलेली असेल, तर मार्लिनच्या चोचीचा मार आहे; तो अजून जवळपास असतो, म्हणून दुसरे आमिष ताबडतोब त्याच खोलीवर सोडावे. शेपटीकडचा भाग सुरीने कापल्यासारखा सपाट गेला असेल, तर ते ओनोचे, म्हणजे वाहूचे, काम. अर्धचंद्राकृती चावा शार्कचा. हवाईत १ जानेवारी २०२२ पासून शार्क मुद्दाम पकडण्यास कायद्याने मनाई आहे; तो चुकून लागला तर लीडर शक्य तितका जवळून कापावा आणि जागा बदलावी. अही लागला तर तो उड्या न मारता सरळ खाली जातो आणि वर्तुळात फिरत झुंजतो, यावरून तो ओळखू येतो.

झुंज आणि सुटका

मासा लागल्याबरोबर दुसरी दोर आणि डाउनरिगरचा गोळा वर घेतला जातो, आणि पकडणारा खुर्चीत बसून पट्टा अडकवतो. रॉड पाठीच्या आणि पायांच्या जोरावर हळूहळू उचलावा, खाली आणताना दोर गुंडाळावी. आखूड, सावकाश हालचाली पुरतात. मासा दोर ओढत असताना रीळ फिरवण्यात काही अर्थ नसतो, तेव्हा श्वास घ्यावा आणि पाणी प्यावे. मासा उड्या मारू लागला की ड्रॅग वाढवण्याचा मोह होतो, तो आवरावा. रिळावरची दोर कमी होऊन वेटोळ्याचा व्यास निम्म्यावर आला, की दांडा न हलवताही ओढ दुप्पट होते, आणि पाण्यात पसरलेल्या लांब दोरीचा भार त्यात आणखी मिळतो. अशा वेळी ड्रॅग थोडा कमीच करायचा असतो.

मार्लिन सरळ खाली जाऊन बसला तर वरून खेचत राहू नये. कप्तान नौका पुढे नेऊन ओढण्याचा कोन बदलतो आणि मासा तिरका वर येऊ लागतो. खोलवर फार वेळ झुंजलेला मासा मरूनच वर येतो, म्हणून ही झुंज जितकी लवकर संपेल तितके चांगले.

लीडर हाती आला की पुढचे काम खलाशाचे. त्याने लीडर हाताला गुंडाळलेला असताना पकडणाऱ्याने खुर्चीतच राहावे आणि ड्रॅग हलका करून मासा पुन्हा पळाल्यास दोर सुटेल अशी तयारी ठेवावी. पायाशी पडलेल्या लीडरच्या वेटोळ्यात कोणीही उभे राहू नये, आणि सराव नसलेल्याने लीडर कधीही हाताला गुंडाळू नये. यात माणूस ओढला जाऊन पाण्यात पडू शकतो.

मासा सोडायचा असेल तर त्याला नौकेवर उचलू नये, छायाचित्रासाठीसुद्धा नाही. हातमोजे घातलेला खलाशी त्याला चोचीने धरून पाण्यातच ठेवतो आणि नौका सावकाश पुढे जात राहते, म्हणजे पाणी कल्ल्यांतून वाहते. गळ जबड्याच्या कोपऱ्यात दिसत असेल तर तो काढावा; नसेल तर लीडर गळालगत कापावा. माशाचा फिकट पडलेला रंग परत येऊ लागला आणि तो शेपटी जोराने मारू लागला, की हात सोडावा.

त्यानंतर लीडर बोटांमधून पूर्ण लांबीभर सरकवून पाहावा. मार्लिनच्या चोचीचा आणि जबड्याचा पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत असतो, त्यामुळे गळाजवळचा हातभर भाग बहुधा दुधाळ आणि ओबडधोबड झालेला आढळतो. तसे असेल तर लीडर बदलावा, गळाचे टोक नखावर घासून त्याची धार पाहावी, आणि मगच नळीतला पुढचा आकू बाहेर काढावा.